चार फूट तीन इंच

‘गोधड्या टाकाऽऽ’ अशी खालून हाक आली तेव्हा मी दात घासत होते, आणि तोंडातला फेस तसाच गिळला गेला. हाक हौसाकाकूंची. त्या तळमजल्यावर पहिल्या खोलीत राहतात आणि अंगणातल्या नळावर त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं, कोण येणार, कधी येणार, गाडीतून की रिक्षातून. त्यांच्यामागून जिन्यातून दुसरी हाक आली, वरून तिसरी, आणि मग आमच्या दगडी लाइनीच्या दोन्ही मजल्यांवर तो आवाज सुरू झाला. ट्रंका उघडल्याचा, झटकल्याचा, जड कापड लाकडी कठड्यावर पडल्याचा. धप. धप. धप. पाच मिनिटांत एकशे तीस वर्षांची इमारत तापाच्या माणसासारखी पांघरूण ओढून बसते. लहानपणी या आवाजाने माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या, आमची गोधडी मीच पळत जाऊन टाकायचे. आज मी ब्रश हातात धरून उभी राहिले आणि आमच्या टोकाला धप झालं नाही. आई भाकरी थापत होती. ‘टाकू का?’ मी विचारलं. ‘आपल्याला कशाला?’ आई म्हणाली. रागाने नाही. राग असता तर मी भांडले असते, हल्ली मला भांडता येतं, वर्गात येतं, रिक्षावाल्याशी येतं, वक्तृत्वाच्या परीक्षकांशीसुद्धा एकदा आलं. पण आईच्या आवाजात राग नव्हता, नुसतं पीठ होतं. तिने भाकरी उलटली. मी चूळ भरली. दाजी खाटेवर बसून दोन्ही पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते.

गोधडी कोणी उचलत नाही, हा आमच्या लाइनीचा कायदा आहे, आणि तो सरकारच्या कायद्याहून जुना आहे. मीठ खात्याने ही लाइन मिठागरावरच्या माणसांसाठी बांधली तेव्हा खोल्यांत मोऱ्या नव्हत्या. बायका पहाटे गॅलरीत कठड्यावर गोधडी टाकून तिच्याआड अंघोळ करायच्या. साहेब तपासणीला आला आणि त्याला गोधडी दिसली की तो मान वळवून पुढे जायचा. साहेब गेला, मीठ खातं आटलं, खोल्यांत मोऱ्या झाल्या, पण गोधडी राहिली. तिच्याआड आता बाई नसते. वॉशिंग मशीन असतं, विटांचा ओटा असतो, एका घराचं तर अख्खं स्वयंपाकघर असतं. मोजायला माणूस आला की तो खालून बघतो, त्याला चोवीस गोधड्या वाळताना दिसतात, पावसाळा असो की नसो. तोही समजतो. मान वळवतो. मला वाटायचं सगळीकडे असंच असतं. नवीन पनवेलला मैत्रिणीच्या सोसायटीत गेले, तिथे कठड्यावर काही वाळत घातलं तर दंड आहे म्हणाली, तेव्हा मला तिची दया आली होती, आणि त्याच मिनिटाला माझी लाजही वाटली होती, कारण तिच्या घरात दोन संडास होते, एक पाहुण्यांसाठी.

आठवीपर्यंत मी पत्ता सांगायचे, ‘स्टँडच्या मागे.’ एवढंच. त्या वेळी मी ओठांतल्या ओठांत बोलणारी मुलगी होते, हजेरीला ‘उपस्थित’ म्हटलेलंसुद्धा बाईंना ऐकू जायचं नाही. नववीत चारुता मॅडम आल्या. त्या आर्किटेक्ट, जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या, शाळेने त्यांना शनिवारच्या वर्गाला बोलावलं होतं. आपल्या परिसरातली जुनी वास्तू मोजून तिचा नकाशा काढायचा असा प्रकल्प. सगळ्यांनी देवळं घेतली, एकाने टपाल कचेरी घेतली, आणि मी काहीच बोलले नाही म्हणून मॅडमनी विचारलं, ‘तू कुठे राहतेस?’ स्टँडच्या मागे. ‘स्टँडच्या मागे कुठे? खाडीकडे ती दगडी चाळ आहे, तिच्या जवळ?’ मी म्हटलं, ‘तिच्यात.’ वर्गात कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘तिच्यात? तू रोज त्या खांबांना हात लावतेस?’ आता हे सांगताना साधं वाटतं, पण मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं की मी रोज कशाला हात लावते. त्या दिवशी घरी येऊन मी खांबाला हात लावला. बिडाचा खांब, वर पानांची नक्षी, एकावर एक इतके रंग की पानं सुजल्यासारखी दिसतात. खाली कारखान्याचं नाव उठावात आहे, त्यातलं शेवटचं अक्षर तेवढं रंगाबाहेर राहिलंय. मी नखाने खरवडत बसले, आणि दाजी म्हणाले, ‘काय गो, खांब खातंस काय?’

मॅडमनी शिकवलेली पहिली गोष्ट, टेपचा शून्य. टेपच्या टोकाचा लोखंडी आकडा हलतो, तो भिंतीला नीट टेकला पाहिजे, शून्य धरणाऱ्याने शून्यच धरला पाहिजे, नाहीतर पुढची सगळी मापं खोटी. दुसरी गोष्ट, मूळ बांधकाम काळं भरीव दाखवायचं आणि नंतरची भर तिरक्या रेघांनी. मला त्या रेघा फार आवडायच्या. मी एकेक रेघ पट्टीने मारायचे, दोन रेघांत दोन मिलिमीटर, श्वास धरून. आणि तिसरी गोष्ट, इमारत अशी का आहे हे विचारायचं. अशी का आहे? छत चौदा फूट का? दारावर लाकडी पट्ट्यांची झडप का? गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मध्ये एकही भिंत न घालता सलग का? हवेसाठी. मॅडम म्हणाल्या, त्या काळी लोकांना वाटायचं रोगराई कोंदट हवेतून येते, म्हणून गरिबांची घरं बांधायची तर आधी वाऱ्याला वाट द्यायची. खाडीवरून वारा येतो, गॅलरीतून पळतो, झडपांतून आत शिरतो, मागच्या खिडकीतून बाहेर. संडास मात्र लांब, अंगणाच्या पार त्या टोकाला, कारण तिथला वारा घरात यायला नको. मी हे सगळं मोठ्या आवाजात जेवताना सांगितलं. मला तेव्हा मोठा आवाज नवानवा मिळाला होता, मी तो सगळीकडे वापरत होते. दाजी म्हणाले, ‘वाऱ्याचा इचार केला. म्हाताऱ्याचा नाय केला.’

दाजी म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सगळी लाइन त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही. मिठागरावर मुकादम होते, लग्न केलं नाही, बाबांना त्यांनीच वाढवलं. आमची खोली वरच्या मजल्यावर शेवटची. तिथून संडासापर्यंत एकतीस पायऱ्या आणि अंगणातली बावन्न पावलं, हे मी मोजलेलं आहे, नकाशाच्या आधी, कारण तीन वर्षांपूर्वी सकाळी सहाला दाजी त्यातल्या एकोणिसाव्या पायरीवर पडले. खुब्यात पट्टी घातली. त्यानंतर चार महिने खाटेवर भांडं, आणि भांडं आई उचलायची, आणि दाजी त्या वेळी भिंतीकडे तोंड करून घ्यायचे. चारचौघांत शिव्या घालणारा माणूस आईशी चार महिने बोलला नाही. मग बाबांनी, ते नवीन पनवेलला प्लायवुडच्या दुकानात कटिंगचं काम करतात, तुकडे तुकडे करून प्लाय आणला आणि गॅलरीच्या आमच्या टोकाला चार फूट तीन इंचांची एक खोली उभी केली. आत कमोड, हाताला धरायला स्टीलचा दांडा, वर छोटा पंखा. दार सरकतं, कारण उघडायला जागा नाही. कड इतकी नीट घासलेली की हात फिरवला तर कुसळ लागणार नाही. पहिल्या दिवशी दाजी आत गेले, बराच वेळ होते, बाहेर आले आणि आईला म्हणाले, ‘पोरी, चाय टाक गो.’

मी मोजायला निघाले तेव्हा लाइनीने मला डोक्यावर घेतलं. घरोघरी चहा, एका घरी कुरडया, एका घरी तर सरबत. आणि प्रत्येक घरी, टेप गॅलरीत पोचली की, आवाज खाली यायचा. ‘मनू, ह्यो ओटा नको दावू हां.’ ‘मशीन सोड गो, त्याचा काय नकाशा काढतंस.’ मी सोडलं. तेवीस घरांत मी गोधडी टाकली, कागदावर. मॅडमना तेव्हाच खटकलं असेल काय? त्या घरात आल्या नव्हत्या, त्यांनी माझ्या मापांची बेरीज तपासली, एकशे शहाऐंशी फुटांत अर्ध्या इंचाचा फरक, आणि म्हणाल्या, ‘मनस्वी, हे माझ्या कॉलेजातल्या मुलांना जमत नाही.’ चोविसावं घर आमचं. तिथे मला कोणी चहा दिला नाही आणि कोणी काही म्हणालं नाही. टेपचं दुसरं टोक बाबांनी धरलं होतं. ‘किती?’ ‘चार फूट तीन.’ ‘बघ, एक सूत इकडंतिकडं नाय,’ बाबा म्हणाले, आणि त्या रात्रीच्या जेवणाला मी श्वास धरून तिरक्या रेघा मारत होते म्हणून आई दोनदा ओरडली. नंतर मी पुष्कळदा विचार केला, की मी का नाही सोडलं. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता, तेवीस घरं सोडली तिथे कसला प्रामाणिकपणा. ते बाबांनी बांधलं होतं, आणि ते चांगलं होतं, आणि चांगली गोष्ट नकाशात असावी असं मला वाटलं. घरच्यांना वाटलं पोरीला काय सांगायचं, तिला कळतंच. मला वाटलं कोणी काही म्हणत नाही म्हणजे चालतं. खाली उजव्या कोपऱ्यात मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं, मोजणी व रेखाटन, मनस्वी दिनानाथ घरत, नववी ब.

पुढचं सगळं भराभर झालं आणि बराच काळ छान झालं. नकाशा शाळेत काचेत लागला. मॅडमनी तो वारसा समितीपुढे ठेवला. लाइन पाडून टॉवर बांधायचं जे बोलणं मधूनमधून उठायचं ते बसलं, दिवाळीनंतर इमारत संरक्षित यादीत आली, दाराशी निळी पाटी आली, जिच्या खिळ्याला हौसाकाकू पायपुसणं अडकवतात. मी वक्तृत्वाला ‘माझं घर, माझा वारसा’ बोलले आणि पहिली आले. जानेवारीत पुण्याला शालेय नकाशांचं प्रदर्शन आहे, तिथे माझा नकाशा जाणार आणि मी त्याच्यापुढे उभी राहून बोलणार असं ठरलं. मी आरशापुढे उभी राहून बोलायचे, दाजी टाळ्या वाजवायचे. आणि मग पंधरा दिवसांपूर्वी नोटीस आली. खोली क्रमांक चोवीस, मूळ सलग गॅलरीत नंतरची भर, हवा व दृश्य यांस अडथळा, तीस दिवसांत काढून टाकावे. सोबत पुरावा म्हणून नकाशाची प्रत. लाल वर्तुळ. वर्तुळात माझ्या तिरक्या रेघा, दोन मिलिमीटर, दोन मिलिमीटर.

मला कोणी काही म्हणालं नाही. बाबांनी नोटीस दोनदा वाचली, घडी घातली, टीव्हीखाली ठेवली. दाजी म्हणाले, ‘माझा संडास सरकारच्या नकाशात गेला. मोठा झालो मी.’ आणि स्वतःच हसले, आणि मग खोकले. पण दुसऱ्या दिवसापासून ते चहा अर्धा कप घ्यायला लागले, मग पाणी कमी प्यायला लागले, सवय करतोय म्हणाले. मी शाळेत गेले की काचेतला तो नकाशा टाळायला मागच्या जिन्याने वर जाते. दमते. मला कळत नाही मी कशाने दमते, मी तर काहीच उचलत नाही. रस्त्याने चालताना मोठमोठ्या इमारती दिसतात, खारघरपर्यंत नुसत्या इमारती, आणि माझं डोकं आपोआप मोजायला लागतं, किती मजले, किती घरं, घरटी दोन धरले तर किती संडास.

अकराला रिक्षा आली. दाजी पावणेअकरालाच आत जाऊन बसले होते, दार ओढून. जिन्यात आधी समितीच्या ऑफिसातले धर्मराजसाहेब दिसले, काखेत फाईल, प्रत्येक वळणावर थांबून धापा टाकत, आणि त्यांच्यामागे चारुता मॅडम. मॅडम मला बघून हसल्या, पूर्वीसारख्याच. त्यांच्यामागून हौसाकाकू, कारण काकूंशिवाय आमच्याकडे काही घडत नाही. ‘साहेब, सावकास. सरकारनं लिफ्ट नाय घातली, सौरक्षित जिना हाय.’

‘दिसतंय मला,’ धर्मराज म्हणाले. त्यांनी गॅलरीकडे पाहिलं, दूरवर लटकलेल्या गोधड्या, मग मान वळवली. ‘बरीच धुणी असतात तुमच्याकडं.’

‘सोच्छ लोक आमी.’

मॅडम मात्र बघत राहिल्या. तेवीस गोधड्या आणि एक उघडं टोक. मला वाटलं त्या आता मोजतायत, बेरीज करतायत. पण त्या एवढंच म्हणाल्या, ‘मनस्वी, मला माहीत आहे हे तुमच्यासाठी अवघड आहे. पण एक अपवाद केला की सगळी गॅलरी जाते. आपण खाली अंगणात एक चांगलं टॉयलेट मागू, मी स्वतः पाठपुरावा करीन.’ त्या मनापासून बोलत होत्या. त्यांच्या जागी मीही असंच बोलले असते, भाषणात बोललेही होते. मी म्हटलं, ‘एकतीस पायऱ्या आहेत मॅडम.’ त्या म्हणाल्या, ‘हो गं.’ आणि त्यांचाही चेहरा दमला.

धर्मराजांनी प्लायवर टकटक केलं.

‘कोन हाय?’ आतून दाजी.

‘वारसा समितीकडून आलोय. पंचनामा करायचाय.’

‘मंग थांबा. समितीला पन कवातरी लागतच आसंल.’

हौसाकाकू पदर तोंडावर धरून हसल्या. आम्ही थांबलो. गॅलरीत सहा माणसं एका बंद दाराकडे बघत उभी, आई उंबऱ्यात ओल्या हातांनी, बाबा कठड्याला टेकून, प्लायच्या कडेवरून अंगठा फिरवत. पाच मिनिटं गेली. दहा. खाडीकडून वारा आला, प्लायला अडला, तिथेच घुटमळला. इथे चुकलं आहे हे खरंच, मी मनात म्हटलं, वारा अडतोय. दोन्ही खरं असेल तर कुणी काय करायचं हे मॅडमनी शिकवलं नव्हतं. धर्मराजांनी घड्याळ पाहिलं, फाईल उघडली, मिटली, आणि छताकडे बघत, जसं काही तिथल्या तुळईला सांगतायत, म्हणाले, ‘सगळं या एका नकाशावर उभं आहे. दुसरा कागद नाही आमच्याकडं. काढणाऱ्यानंच उद्या लिहून दिलं, की नकाशा चुकलाय, तर आम्ही तरी काय करणार. फाईल परत मोजणीला. आणि मोजणीला माणसं आहेत कुठं. वर्ष जातं, दोन जातात.’

‘धर्मराज,’ मॅडम म्हणाल्या, ‘नकाशा चुकलेला नाही.’

‘मी कुठं म्हणतोय चुकलाय.’

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. तेच मला लख्ख आठवतं, की कोणी पाहिलं नाही. आईने हात पुसले, बाबांचा अंगठा कडेवर थांबला, हौसाकाकूसुद्धा खाली बघायला लागल्या. सगळ्यांनी मान वळवली, गोधडी दिसल्यासारखी. मला पुण्याचं प्रदर्शन दिसलं, आणि आरसा, आणि काचेत रिकामा चौकोन. आठवीतली ती ओठांतल्या ओठांत बोलणारी मुलगी कुठे गेली नव्हती, ती इथेच कठड्याशी उभी होती आणि म्हणत होती, गप्प बस. पण गप्प बसायची सवय माझी आता मोडली होती.

‘चुकलाय,’ मी म्हटलं. आवाज खणखणीत आला. त्याचंच मला वाईट वाटलं.

धर्मराजांनी फाईलमधून कोरा कागद काढला, फाईलवरच ठेवून पुढे केला, पेन दिलं. मी लिहिलं. खोली क्रमांक चोवीसच्या गॅलरीचे माप व नोंद चुकीची आहे, या नकाशावर विसंबू नये. खाली पूर्ण नाव, आता दहावी ब. खाडाखोड एकही नाही. मॅडमनी कागद घेतला, वाचला, आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, ‘काय चुकलं?’

त्यांना माहीत होतं. त्यांना हवं असतं तर पर्समधून टेप काढून त्या तिथल्या तिथे मोजू शकल्या असत्या, टेप पर्समध्येच असते, मी पाहिली आहे. पण त्या वाट बघत होत्या, शिक्षकांनी बघावी तशी. मला काहीतरी सांगणं भाग होतं, आणि मला एकच चूक माहीत होती, जी मी कधीच केली नव्हती.

‘टेप शून्यावर धरली नव्हती.’

मॅडमनी कागदावरची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, ‘पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मी ते.’

‘हो मॅडम.’

‘ठीक आहे,’ त्या म्हणाल्या, कागद धर्मराजांना दिला, आणि जिन्याकडे वळल्या. जाता जाता शेवटच्या खांबाशी थांबल्या, मी खरवडलेल्या अक्षरावरून बोट फिरवलं, आणि मग जिन्यात त्यांची पावलं ऐकू आली, मी न ठरवता मोजली, एकतीस. त्यांच्यामागून धर्मराज आणि हौसाकाकू. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. खालच्या टोकापासून गोधड्या निघायला लागल्या. आई आत गेली, तिने स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं, पूर्ण पातेलंभर पाण्याचा आवाज आला. बाबा माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवावा की नाही असा हात वर धरला, आणि मग मी हातात घट्ट धरून ठेवलेलं धर्मराजांचं पेन काढून घेऊन खिशाला लावलं.

मी प्लायचं दार सरकवलं. दाजी झाकण लावलेल्या कमोडवर बसले होते, धोतर नीट, शर्टाची बटणं लावलेली, दोन्ही हातांनी दांडा धरलेला, बसमध्ये धरतात तसा. पंखा बंद होता. ते घामाने भिजले होते.

‘गेली काय गो मान्सं?’

‘गेली.’

‘काय लिवून दिलंस?’

‘की मला मोजता येत नाही.’

दाजी माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं, थट्टा येईल असं वाटलं, आली नाही. त्यांनी दांड्यावरचा एक हात सोडला, भिंतीवर ठेवला, मग दुसरी भिंत चाचपली, हाताच्या वितीने, अंगठा ते करंगळी, अंगठा ते करंगळी, मिठाचे वाफे मोजायचे तसं, सबंध रुंदीभर. ‘बरोबर हाय तुजं,’ ते म्हणाले. मग एकदम कळवळल्यासारखं तोंड करून त्यांनी मला हाताने बाहेर व्हायची खूण केली.

‘मनू, आता खरंच आलीय. दार लोट गो.’

मी दार लोटलं.